पॅकिंग नवं, तरी बुलेट तेल गाळतेच: आधी काय तपासायचं आणि मग कोणतं पॅकिंग घ्यायचं

जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० बांधून घेतली, पॅकिंगचा (सांध्यांत बसणाऱ्या गॅस्केटचा) पूर्ण सेट नवा टाकला आणि पंधरा दिवसांत गाडीखाली पुन्हा पुठ्ठा अंथरावा लागला. जळगाव-भुसावळ पट्ट्यात ही तक्रार वर्षभर येते, उन्हाळ्यात जरा जास्तच. "भो, आखो तेल गयी ऱ्हायनं" (भाऊ, परत तेल गळतंय) म्हणत माणूस गाडी स्टँडवर लावतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या खिशात आणखी एक नवा सेट असतोच. तो सेट तूर्त खिशातच राहू द्या. पॅकिंग आपणहून क्वचित फुटतं. त्याला फोडणारं कारण आत किंवा सांध्यात बसलेलं असतं, आणि ते तसंच ठेवून दहा पॅकिंगं बदलली तरी अकरावंही जाणार.

खाली लिहिलंय ते युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं) इंजिन येण्याआधीच्या कास्ट आयर्न ३५० बद्दल: ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, लोखंडी बॅरल, अॅल्युमिनियमचं हेड आणि वेगळा गिअरबॉक्स. राजदूत, येझदीवाल्यांसाठी मध्ये एक तुकडा आहे.

लक्षणं

- थंड इंजिनाला किक मारली की हेड-बॅरलच्या सांध्यातून "फिच-फिच" आवाज येतो, किक हलकी लागते, चढाला गाडी दम टाकते. हा हेड पॅकिंगमधून फुटणारा गॅस.
- सांध्यालगत कोरडी काजळी दिसली तर गॅस, ओला चिकट थर दिसला तर तेल. दोन्ही एकत्रही असू शकतं.
- बॅरलच्या उजव्या बाजूच्या फिन्स ओल्या. इथे संशयित चार: रॉकरचे (हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचे) तेलाचे पाइप, रॉकर बॉक्स, हेडचा सांधा आणि खालचं टॅपेटचं झाकण.
- रात्रभर उभ्या गाडीखाली डाव्या फूटरेस्टजवळ डाग. बहुधा चेन कव्हर (क्लचकडच्या प्रायमरी चेनचं).
- गावात फिरताना कोरडी, पण कन्नड घाट चढून आली किंवा धुळ्यापर्यंत हायवेने ताणली की सगळीकडून ओली. हे पॅकिंगचं लक्षण कमी आणि आतल्या दाबाचं जास्त.
- आठ-दहा दिवस उभी राहिल्यावर पहिल्या किकला धुराचा लोट आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल. हे पॅकिंग नाहीच. इंजिन ऑइलच्या टाकीतलं तेल पंपांतून झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या डब्यात) उतरलेलं असतं.

फुकटातलं: पुसा आणि पावडर मारा

इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि रॉकेलने धुवा, मग साबणाचं पाणी, मग नीट कोरडं करा. तापलेल्या इंजिनावर यातलं काहीही ओतू नका. रॉकेल पेट घेऊ शकतं आणि तापलेल्या लोखंडी बॅरलला गार पाण्याचा झटका मानवत नाही. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ तेलावर बसून असा लेप तयार होतो की गळती कुठली आणि मळ कुठला हे कळत नाही, म्हणून ही पायरी टाळू नका.

कोरड्या इंजिनावर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरा. पाच-सात किलोमीटर चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बसा. पावडर जिथे ओली होते त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची, कारण चालत्या गाडीवर वारा तेलाला मागे नेतो आणि वजन खाली. ज्या थेंबाने फरशी खराब केली तो निघाला कुठून, हे फरशी बघून कधीच कळत नाही.

चोपड्याकडची एक गाडी हेड पॅकिंग पुन्हा-पुन्हा बदलून आली होती. पावडर मारल्यावर पहिला ओला ठिपका हेडच्या सांध्याच्याही वर, रॉकरला तेल नेणाऱ्या पाइपाच्या बँजो बोल्टपाशी (पाइप हेडला जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) उमटला. तिथलं तांब्याचं वायसर इतक्यांदा आवळलेलं होतं की त्यावर बोल्टच्या डोक्याची गोल खाच पडली होती, आणि त्या खाचेच्या एका बाजूला केसाएवढी फट. तेल तिथून निघून फिनवरून हेडच्या सांध्यापर्यंत यायचं आणि बिचाऱ्या पॅकिंगला दोष लागायचा. दोन वायसर बदलले, काम संपलं. पाइप उघडला की वायसर नवीन टाकायचं, ही सवयच ठेवा.

तेलाची पातळी

कमी तेलाची भीती सगळ्यांना असते, जास्त तेलाची कुणालाच नसते. बरेच दिवस उभ्या गाडीची तेल मोजायची दांडी बघितली तर पातळी कमी दिसते, कारण तेल खाली क्रँककेसमध्ये गेलेलं असतं. मालक वरून अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाल्यावर पंप खालचं तेल वर आणतो आणि आता तेल जास्त झालेलं असतं. ते बाहेर पडायला वाट शोधतं. म्हणून इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, थोडं थांबून मगच दांडी बघा.

ब्रीदर

निम्म्या गाड्या माझ्या मते इथेच बऱ्या होतात, आणि मिस्त्री लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तेही इथेच.

पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ती ब्रीदरमधून बाहेर गेली पाहिजे आणि पिस्टन वर जाताना परत आत येता कामा नये. त्यासाठी नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी रबरी व्हॉल्व्ह असते. ती कडक झाली, चिकटून बसली, उलटी बसवली, किंवा कुणी नळीच खिळा मारून बंद केली (हेही बघितलंय, तेल थांबावं म्हणून!) की आतला दाब मिळेल त्या सांध्यातून तेल ढकलतो. सगळ्यात आधी टॅपेटच्या झाकणातून, मग बेसमधून (बॅरल आणि क्रँककेसच्या सांध्यातून), मग टायमिंग कव्हरमधून. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळत असेल तर तीन-चार पॅकिंगं एकाच दिवशी मेली असं होत नाही.

नळी काढा, तोंडाने फुंकर मारून बघा. चोचीतून इंजिनाच्या बाजूने हवा बाहेर जायला हवी, बाहेरून आत ओढता येता कामा नये. रबर कडक असेल तर नवीन टाका. चहाच्या पैशात येतं.

ब्रीदर मोकळा असूनही नळीतून सतत धूर आणि दाबाची हवा येत असेल तर रिंगा किंवा बोअर गेलाय. त्याचं पुढे.

नट, आणि त्यानंतरचं टॅपेट

नवं हेड पॅकिंग एक-दोनदा तापून गार झालं की थोडं बसतं आणि नट सैल पडतात. त्यात अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी ताणलेली गाडी आणि पहाटेची गार गाडी यांत सांध्यावरचा ताण सारखा राहत नाही. म्हणून बांधल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांनंतर पूर्ण थंड इंजिनावर नट पुन्हा बघायचे: समोरासमोरचे, थोडे-थोडे, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. अंदाजाने लांब पाइप घालून आवळू नका. स्टड ताणला गेला की तो परत पकड देत नाही.

बेसच्या नटांपैकी एक टॅपेटच्या झाकणाआड असतो. बाहेरून दिसत नाही म्हणून तो हमखास विसरला जातो, आणि मग बेस पॅकिंग त्याच कोपऱ्यातून गळतं.

नट आवळले की टॅपेटचा खेळ पुन्हा जुळवायलाच हवा. हेड केसभर खाली बसलं तरी पुशरॉडचा खेळ कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळते. थंड इंजिन, कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद), पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली खेळ नको.

उघडलंच, तर जुनं पॅकिंग फेकू नका

हेड उतरवल्यावर पॅकिंग उजेडात धरा. बोअरच्या कडेपासून बाहेर जाणारी काळी रेघ म्हणजे गॅसची वाट. हेडवर आणि बॅरलवर त्याच जागी बघा, खड्डा किंवा ओरखडा दिसेल. रेघ नाही पण पॅकिंगवरचा दाबाचा ठसा एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर हेड वाकलंय किंवा नट असमान आवळलेत.

जुनं चिकटलेलं करडं पॅकिंग खरवडताना सावध. जुन्या सेटांत अॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरचा धोका असतो. पाणी किंवा तेल लावून ओलं करा, हळूहळू खरवडा, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उडवणं आणि वर कॉम्प्रेसरची हवा मारणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते बंद झालं पाहिजे. अॅल्युमिनियमवर स्क्रू ड्रायव्हरही घालू नका. पितळेची किंवा लाकडाची पट्टी पुरते.

आता सपाटी. स्टीलची सरळ पट्टी सांध्यावर उभी-आडवी-तिरकी ठेवून खालून ०.०५ मिमीची फीलर गेजची पात सरकते का बघा. रॉकर बॉक्स, टॅपेटचं झाकण, टायमिंग कव्हर यांसारखी छोटी सपाट कव्हरं जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून, तेल लावून, आठाच्या आकड्यात घासून घरी सपाट करता येतात. हेडच्या सांध्याला पायरी असेल तर तिथे काचेचा उद्योग चालत नाही, ते लेथचं काम. क्रँककेस खाली उघडी असताना तर पेपर जवळही आणू नका. एक कण बेअरिंगमध्ये गेला की सगळं इंजिन परत खोलायचं.

आता पॅकिंग निवडा

हेडसाठी बाजारात दोन प्रकार मिळतात: पूर्ण तांब्याचं, आणि वर पत्रा, मध्ये तंतूंचं सारण असलेलं. सपाटी उत्तम असेल तर तांबं टिकतं आणि पुन्हा वापरता येतं. सांधा थोडाफार जुना, बारीक ओरखड्यांचा असेल तर सारणवालं जास्त माफ करतं. तांब्याने वाकडं हेड झाकायला जाऊ नका, ते तेवढं दबत नाही.

तांबं वापरायचं तर बसवण्याआधी मऊ करा, नवं असलं तरी. गॅसच्या ज्योतीवर सगळीकडून सारखं फिरवत मंद लाल होईपर्यंत तापवा, मग पाण्यात टाका किंवा तसंच गार होऊ द्या, दोन्हींनी मऊच होतं. हे काम सावलीत किंवा तिन्हीसांजेला करा. आपल्या दुपारच्या उन्हात तो मंद लाल दिसतच नाही, माणूस तापवत राहतो आणि वेल्डिंगची ज्योत असेल तर कड वितळून जाते. वरची काळी खपली बारीक स्टील वूलने काढा. सारणवाल्या पॅकिंगला मात्र आगीजवळ नेऊ नका.

जाडीचा लोक फार बाऊ करतात. हिशेब बघा: या इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.५ ला १, म्हणजे वरची मोकळी जागा साधारण ६३ सीसी. ७० मिमी बोअरवर अर्धा मिलिमीटर जास्त जाडीने जवळपास १.९ सीसी वाढतात आणि कॉम्प्रेशन ६.३ वर येतं. गाडी त्याने मरत नाही. पण जाड पॅकिंग म्हणजे घट्ट सांधा, ही समजूत साफ उलटी आहे. कागदी पॅकिंगचं काम फक्त पृष्ठभागाची खरखर भरणं. कागद जितका जाड तितका तो गरमीत जास्त दबतो, नट तितके सैल पडतात आणि दाबाला ढकलायला तितकी जास्त कड मिळते. बेसला पाव ते अर्धा मिलिमीटर पुरे. दोन पॅकिंगं एकावर एक तर कधीच नको.

जिथे जाडीने खरोखर फरक पडतो ती जागा म्हणजे टायमिंग कव्हर. या कव्हरमधून क्रँकच्या टोकात आणि तिथून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) तेल जातं आणि मध्ये एक कॉर्कचा सील दाबून बसलेला असतो. पॅकिंग जाड घेतलं की कव्हर तेवढं बाहेर राहतं, कॉर्क पुरेसा दबत नाही, तेल मधल्यामध्ये निसटतं आणि बिग एंड उपाशी राहतो. बाहेर थेंब नाही, मालक खूश, आणि काही महिन्यांनी खालून ठकठक. म्हणून इथे मूळ जाडीचंच पॅकिंग, मायक्रोमीटरने मोजून, आणि कव्हर उघडलं की कॉर्क नवा.

दुसरं, याच पॅकिंगमधून तेलाच्या वाटा जातात. स्वस्त सेटात एखादं भोक पडलेलंच नसतं किंवा सरकलेलं असतं. कोरडं पॅकिंग कव्हरवर ठेवून प्रत्येक भोकातून आरपार बघा. बांधल्यावर इंजिन मंद चालू ठेवून रॉकरचा बँजो बोल्ट किंचित सैल करा. तेल झिरपलं पाहिजे. झिरपलं नाही तर लगेच बंद करा.

चेन कव्हरला जुन्या गाड्यांत मोठं गोल रबर असतं आणि सगळं कव्हर मधल्या एका नटावर. गळतं म्हणून तो नट आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. रबर बदला, नट बेताने.

घरी पॅकिंग कापणाऱ्यांसाठी एकच सूचना. पॅकिंग शीट सांध्यावर धरून गोल हातोडीने कडांवर टकटक करत कापायची जुनी पद्धत बंद करा. प्रत्येक ठोक्याने अॅल्युमिनियमची कड गोल होते, आणि गळती पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. कव्हरच्या कडेला तेलाचं बोट फिरवा, शीटवर ठसा घ्या, कात्रीने कापा, भोकं पंचने पाडा. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग शहाद्यापासून रावेरपर्यंत सगळ्यांनी कधी ना कधी लावलंय. टॅपेटच्या झाकणाला घरी पोचेपर्यंत चालतं. तेल पिऊन फुगलं की संपलं, मग दुसऱ्या पत्रिकेची वाट बघू नका.

सिलिकॉनची ट्यूब बाहेर ओघळेल इतकी लावली तर तेवढीच आतही ओघळते. ती गुठळी सुटून तेलाच्या भोकात बसते. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचं पातळ बोट पुरतं, पुढच्या वेळी निघतंही सहज. अगदीच लावायचं तर नखाएवढ्या जाडीचा थर, आणि टायमिंग कव्हरच्या तेलाच्या भोकांपासून लांब.

राजदूत, येझदीवाल्यांनो

टू-स्ट्रोकला बेस पॅकिंगची चूक फक्त डागावर भागत नाही. बेसमधून बाहेरची हवा आत ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. लक्षण: थ्रॉटल सोडला तरी आयडल चढलेलंच राहतं. शिवाय बेसच्या जाडीने पोर्ट उघडण्याची वेळच बदलते, म्हणून इथे जुन्याइतकंच जाड घ्या. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून ६ पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसेल तिथे गळती. दाब याहून वाढवू नका, ऑइल सील उलटतात.

इथे थांबा

पुढचं घरी किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे करू नये:

- क्रँककेसमधले स्टडचे आटे गेलेत. एम-सील भरून स्टड बसवू नका. नवे आटे पाडून त्यात कॉइल बसवणारा माणूस शोधा.
- हेडला किंवा बॅरलला तडा. व्हॉल्व्ह सीट आणि प्लगच्या भोकाच्या मध्ये खास बघा.
- हेडमध्ये ०.०५ पेक्षा जास्त वाक, किंवा पायरीवर झीज.
- ब्रीदर मोकळा असूनही दाब येतो, सायलेन्सरमधून निळा धूर. बोअर मोजून घ्यावा लागेल, पॅकिंगने काही होणार नाही.
- क्रँककेसच्या दोन भागांच्या सांध्यातूनच तेल. त्यासाठी सगळं इंजिन खाली उतरवून फोडावं लागतं.
- खालून ठकठक. त्या क्षणी गाडी बंद करा, "घरापर्यंत जाईल" हा विचार नको.

लेथवर जाताना हेड आणि बॅरल दोन्ही न्या, नुसतं हेड नाही. जुनं पॅकिंग, नवं पॅकिंग आणि फीलर गेजने जिथे वाक सापडला तिथे मार्करने केलेली खूण सोबत असू द्या. "फेसिंग मारून द्या" एवढंच सांगाल तर तो हवं त्यापेक्षा जास्त काढेल. कमीत कमी किती काढून सपाट होईल ते आधी मोजायला सांगा, नंतर किती काढलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी हेड परत काढायची वेळ आली तर तो आकडा लागतो.